विहिरीसोबत वाट

कणंगली, ता. मिरज
३ ऑगस्ट २०२५

हुसेन,

रामराम घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे. पण सलामही करतो, आणि सलामाला उत्तर द्यावंच लागतं असं तूच मला शिकवलं होतंस. बघू किती पाळतोस.

अकरा वेळा फोन केला. तीनदा तारिकनं उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाला, ‘‘अब्बा झोपलेत काका.’’ सकाळी दहाला? उजाडल्यावर अंथरुणात असलेला हुसेन शिकलगार मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. पोराला खोटं बोलायला तरी नीट शिकव. म्हणून हे पत्र. मी फौजेत असताना तू मला आंतरदेशीय पाठवायचास आणि त्यात अर्धं पान कुणाची मोटार कशी जळाली आणि तू ती कशी भरून दिलीस हेच असायचं. मी ते बर्फात बसून वाचायचो. आता तू शिरवळला तारिकच्या घरी पंख्याखाली बसून माझं वाच.

मुद्द्यावर येतो. परवा वीरधवल आपल्या पाणी संस्थेच्या ऑफिसात आला. हल्ली तो नुसता संचालक नाही, अर्धा मालकच झालाय. हसत हसत म्हणाला, ‘‘सुभेदार, शिकलगारांचं नदीकडचं रान घेतोय. दिवाळीला दस्त.’’ मला वाटलं चेष्टा करतोय. तारिकला विचारलं तर तो गप्प बसला, म्हणजे खरं.

विकू नको. पेरूची बाग वाळतेय, पाण्याची पाळी मिळत नाही, रान ठेवून करायचं काय, हे सगळं मला कळतं. पण जरा उलटीकडून बघ. तुझ्या नावावर आहे तोवर त्या रानाला पाणी नाही, कारण तू सभासद नाहीस. वीरधवलच्या नावावर गेलं की तिसऱ्या दिवशी पाणी, कारण तो सभासद आहे. रान तेच, नदी तीच, आणि पाणी उपसणारी जॅकवेल तुझ्याच बांधावर उभी. माझं डोकं फिरतं.

संस्था बहुराज्य करताना नवी यादी झाली, तिच्यात तुझं नाव राहिलं. ज्ञानूची, म्हणजे आपल्या कारकुनाची चूक. कारकुनाची चूक दुरुस्त होते. दिवाळीच्या आत तुझं नाव यादीत घालून दाखवतो. तोवर कुठं सही करू नको.

अख्तरबी वहिनींना नमस्कार. अंजनानं लोणचं दिलंय, एसटीच्या कंडक्टरकडं देतो.

नाथाजी

—

कणंगली
२१ ऑगस्ट २०२५

हुसेन,

लोणचं पोचलं असं वहिनींनी अंजनाला फोनवर सांगितलं. म्हणजे आपल्या बायका बोलतात, आपणच तेवढे शहाणे.

काल सांगलीला सहकार खात्याच्या ऑफिसात गेलो होतो. तिथला कृष्णात तुला आठवत असेल, दर वर्षी आपली दप्तरं तपासायला यायचा आणि वांग्याच्या भरतावर ताव मारून जायचा. त्याच्यापुढं अर्ज ठेवला. त्यानं तो उचललासुद्धा नाही.

‘‘सुभेदार, तुमची फाईल आता आमच्याकडं न्हाई. तुमी बहुराज्य झालासा. तुमचा बाप आता दिल्लीत बसतो.’’

‘‘आरं, पण पाणी हितलंच हाय की. कृष्णेचं.’’

‘‘पाणी हितलं. संस्था तितली.’’

मी म्हटलं, एका माणसाचं नाव राहिलंय, तेवढं घाला. म्हणाला, ‘‘आमी घातलं तर आमच्यावरच केस व्हईल. आमाला अधिकारच न्हाई.’’ वर हेही ऐकवलं की तुमीच तर आमाला नको म्हनून गेलासा. बरोबर बोलला.

मग दिल्लीला फोन. हे दाबा, ते दाबा, वाट बघा. पाऊण तासानं एक माणूस आला लाइनवर. फौजेतली हिंदी कामाला आली. त्याचं म्हणणं, ‘‘सर, पानी का बँटवारा तो स्टेट का मामला है, आप स्टेट में जाइए.’’ मी म्हटलं, पाणी सोडा, यादीचं बोला. तर म्हणे यादीची तक्रार सभासदानं करायची. मी म्हटलं, अहो तो सभासद नाही, हीच तर तक्रार आहे. तो माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, ‘‘तो फिर वो शिकायत कैसे करेगा, सर?’’

फोन आपटला. अंजना म्हणाली, फोननं काय केलंय तुमचं.

आपण बहुराज्य का झालो ते तुला माहीत आहे, पण आपली पोरगी पूजा म्हणते सगळं ओळीनं लिहून ठेवा, म्हणून लिहितो. बाहेर सांगितलं ते असं, की पलीकडच्या यलहट्टीतल्या चौदा जणांना पाणी द्यायचंय आणि यलहट्टी कर्नाटकात पडते. खरं कारण वेगळं. सांगलीचे साहेब दर वर्षी येऊन निवडणूक का नाही घेतली, सभा का नाही झाली, असं विचारायचे. वीरधवल म्हणाला, एकदा दिल्लीचे झालो की इथलं कुणी दारात उभं राहणार नाही. ते तेवढं खरं ठरलं. आता मीच दारं पुजत फिरतोय आणि उभं कुणी करून घेत नाही.

पूजा वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीच्या कॉलेजात. तिला विचारतो, म्हणाली रविवारी पुस्तक आणते. तू मात्र सही करू नको.

नाथाजी

—

कणंगली
७ सप्टेंबर २०२५

हुसेन,

तुझं कार्ड मिळालं. वर्षात पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात काय, तर चार ओळी:

‘नाथा, कारकुनावर ढकलू नगंस. ज्ञानू तुला इचारल्याबिगर च्या बी पीत न्हाई. माइकवर आवाज कुनाचा हुता ते मी ऐकलंय. रान इकणार. हुसेन.’

बरं. गेल्या वर्षीच्या सभेत ‘‘जे सभासद नाहीत त्यांनी मंडपाबाहेर बसावं’’ असं मी म्हणालो. अध्यक्षाला ते म्हणावं लागतं. तुझ्याकडं बघून म्हणालो नव्हतो. मंडपात सभासद नसलेला तू एकटाच होतास हे मला नंतर कळलं. यावर तुझा विश्वास बसत नसेल तर बसू नये. यादी कमिटीनं मंजूर केली, मी एकट्यानं नाही. कमिटीत सात जण आहेत. तुला मी एकटाच बरा सापडतो.

राग आला म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. आता ऐक, कारण पूजानं जे सांगितलं ते ऐकून तूसुद्धा डोक्याला हात लावशील.

ती घटना घेऊन बसली. मागं एक सातवी अनुसूची आहे. तिच्यात तीन याद्या. संसदेनं कशावर कायदे करायचे, राज्यानं कशावर, आणि दोघांनी मिळून कशावर. मी म्हटलं, दाखव, सहकारी संस्था कुठं आहे. तर राज्याच्या यादीत, बत्तीस नंबरला. पाणी? तेही राज्याच्या यादीत, सतरा नंबरला. मग संसदेच्या यादीत काय आहे? चव्वेचाळीस नंबरला लिहिलंय की ज्या निगमांचे उद्देश एका राज्यापुरते नाहीत, त्यांची स्थापना आणि नियमन. सहकार हा शब्दच नाही त्या ओळीत. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

‘‘मग आपली संस्था दिल्लीची झाली कशी?’’ मी विचारलं.

‘‘पपा, यादीतला विषय आखडून वाचायचा नसतो. मुख्य अधिकार दिला की त्याच्या पोटातलं, त्याला लागणारं सगळं दिलं असं धरतात. दोन राज्यांतली सहकारी संस्था त्या ओळीत बसते असं मानलंय. मग तिची यादी, तिची सभा, तिची भांडणं, सगळंच त्यात आलं.’’

‘‘न लिहिता?’’

‘‘न लिहिता. सगळंच कुठं लिहिता येतंय घटनेत?’’

मी म्हटलं, म्हणजे आपल्या खरेदीखतासारखं. विहिरीत हिस्सा दिला की विहिरीकडं जायची वाट दिली, लिहा न लिहा. नाहीतर विहीर घेऊन माणूस तिथं उडत जाणार का? पूजा म्हणाली, अगदी तसंच.

हुसेन, मी कागदाचा माणूस नाही, पण त्या रात्री मला एवढं कळलं की संसदेला न लिहिलेलं मिळतं. हे चूक आहे असंही मी म्हणत नाही. पूजाही म्हणते की देश चालवायचा तर तसंच वाचावं लागतं. माझा संताप वेगळा आहे. तू अठ्ठ्याण्णव साली जॅकवेलला जागा दिलीस. कागदावर फक्त जागा. जागेकडं जायची वाट तुझ्या रानातून, पाइप तुझ्या रानातून, त्याबद्दल एक अक्षर नाही. आणि तुला भाग दाखला, म्हणजे शेअरचा कागद, दिला नाही, कारण जागा हाच तुझा भाग, असं आपण जोत्यावर बसून ठरवलं. वर चोवीस वर्षं ती मोटार तू भरून दिलीस. मग तुझं पाणी न लिहिलेलं का चालत नाही?

पूजाला हे विचारलं तर ती म्हणाली, ‘‘चालंल. पण कुणीतरी उभं राहून सांगाय पायजे, की असं ठरलं हुतं.’’

एकवीस तारखेला वार्षिक सभा आहे. मी ठराव मांडतो. तोवर, परत लिहितो, सही नको.

नाथाजी

—

कणंगली
२४ सप्टेंबर २०२५

हुसेन,

हरलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटपर्यंत आशा लावून वाचावं लागणार नाही.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. मी उठून म्हणालो, हुसेन शिकलगार यांना संस्थापक सभासद म्हणून यादीत घ्यावं. वीरधवल लगेच उठला. ‘‘इषय अजेंड्यावर न्हाई.’’ मी म्हटलं, अध्यक्षाच्या परवानगीनं घेतो, आणि अध्यक्ष मी आहे. लोक हसले. मला वाटलं जमतंय.

मग नानासोनं शंका काढली. नानासो म्हणजे वरच्या आळीचा, सतरा प्रश्न विचारल्याशिवाय ज्याला झोप येत नाही तो. म्हणाला, ‘‘हुसेनभाईनं उद्या जॅकवेलची वाट आडवली तर काय करायचं वं?’’

वीरधवल खुर्चीतूनच म्हणाला, ‘‘आवं, जॅकवेलला जागा दिली म्हंजी वाट दिलीच की. ते काय लिवायला लागतंय?’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. झाडून सगळ्यांनी. मी माइक धरला आणि म्हणालो, ‘‘मग जागा दिली म्हंजी पाणी बी ठरलंच हुतं की. ते का लिवाय लागतंय?’’

ज्यांच्या उसाला तू पहिल्या वर्षी आपली पाळी सोडून पाणी दिलंस ते खाली बघत बसले. कमिटीतल्या बाळासोनं चहा आणायला पोरांना पाठवलं. वीरधवल म्हणाला, मतं घ्या. यलहट्टीच्या चौदा जणांनी त्याच्याकडं बघून ठरावाविरुद्ध हात वर केले, गावाचे हात मांडीवरच राहिले. चांगले लोक आहेत, मराठी येतं, पण त्यांना तुझं नावही ठाऊक नाही. त्यांचं मत मोजलं गेलं आणि तू घरी बसलेला.

हे झाल्यावर मी नदीवर जाऊन बसलो. तुझ्या कार्डाचा विचार करत होतो. आता जे लिहितो ते रागानं वाचू नको, किंवा रागानंच वाच.

ज्ञानूची चूक नव्हती. यादी करताना तो माझ्याकडं आला होता. म्हणाला, ‘‘आबा, हुसेनभाईंचा भाग दाखला न्हाई, नाव कशाच्या आधारावर लिवू?’’ एक ठराव करून तुला एक भाग द्यायचा, एवढंच काम होतं. पण त्यासाठी कमिटी बोलवा, इतिवृत्त लिहा, यादी परत टाइप करा. फाईल दुसऱ्या दिवशी जायची होती. मी म्हणालो, ‘‘ऱ्हाऊ दे रं. हुसेन काय कुठं पळून चाललाय? त्यो घरचाच हाय.’’

आपल्यात लग्नाच्या पत्रिका वाटताना घरच्याला पत्रिका कुणी देत नाही. दिली तर त्यालाच राग येतो, मी काय पाहुणा आहे का म्हणून. तेच झालं. गावातल्या सगळ्यांना मोजून मोजून यादीत बसवलं, वीरधवलच्या चुलत्याला बसवलं जो एकवीस साली वारलाय, आणि तुला घरचा म्हणून बाहेर ठेवलं.

एवढीच माझी चूक. माफ कर असं म्हणत नाही, पण घरचा समजूनच केलं होतं.

नाथाजी

—

कणंगली
१२ ऑक्टोबर २०२५

हुसेन,

उत्तर आलं नाही. अपेक्षा केली नव्हती. हल्ली रजिस्टर बंद होऊन सगळं स्पीड पोस्टानंच जातं म्हणे, तेव्हा पोचलं नाही अशी सबब तुला नाही.

सहा तारखेला साताऱ्याला गेलो. बहाणा मिलिटरी कँटीनचा, काम वकिलाचं. पूजा बरोबर होती. पूजाच्या ओळखीचे एक वकील आहेत पोवई नाक्याकडं, असल्या बहुराज्य संस्थांची भांडणं चालवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, वाट आहे. दिल्लीचा निबंधक लवाद नेमतो, आणि तो साताऱ्यातसुद्धा बसू शकतो. पण हुसेनभाईंना आधी दाखवावं लागेल की ते सभासद होते, निदान संस्था त्यांना सभासद मानत होती. नाहीतर लवाद दारातूनच परत पाठवील. त्यांनी बहुराज्य करतानाची सगळी फाईल मागितली.

फाईल माझ्या पिशवीतच होती. प्रती काढून पाठवायला पूजाला दिली. परतीच्या बसमध्ये, कराडच्या पुढं, ती एका पानावर थांबली आणि मग इस्लामपूर येईपर्यंत तिनं पान उलटलं नाही. मला कळलं कुठलं पान ते. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर तिनं ते पान माझ्यापुढं धरलं. ‘‘पपा, ही सही तुमची हाय का?’’

तुला मी गेल्या पत्रात लिहिलं की एवढीच माझी चूक. ते खोटं होतं. त्या फाईलमध्ये माझं प्रतिज्ञापत्र आहे. सहावा परिच्छेद असा: ‘संस्थेच्या जॅकवेलची जागा व उपसा पाणी यांवर सोबतच्या यादीतील सभासदांखेरीज अन्य कोणाचाही हक्क अथवा दावा नाही.’ खाली शपथेवर सांगतो वगैरे, आणि नाथाजी बाबूराव खराडे, निवृत्त नायब सुभेदार.

वीरधवलनं मसुदा आणला तेव्हा मी तो वाचला होता. नीट वाचला होता. सहाव्या परिच्छेदावर थांबलोसुद्धा. तो म्हणाला, ‘‘आवं, ह्यो नुसता साचा असतोय. सगळ्या संस्था लिवत्यात.’’ तरी मला माहीत होतं की हे तुझ्याबद्दल आहे. दुसरा दावा असणारा माणूस गावात होताच कोण? मी सही केली. बहुराज्य संस्थेचा अध्यक्ष म्हणून पाटीवर नाव लागणार होतं. यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

आणि सभेत माइकवर बोललो तेही नकळत नव्हतं. तू उठून ‘माझी पाळी कुठाय’ विचारायला लागला होतास. तुझं ऐकून घेतलं असतं तर ते प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं असतं, म्हणून तुला बाहेर काढलं. मला तू दिसत होतास. पांढरा सदरा, डाव्या खांबाजवळ. बाहेर जाताना तू चपला शोधत होतास आणि मी पुढचा विषय वाचत होतो.

पूजा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘हुसेनकाकांचा अर्ज मी तयार करणार. तुमच्याविरुद्ध.’’ मी म्हटलं, कर. तर रडायला लागली. मला काय करावं कळेना, बाहेर जाऊन गोठा झाडला.

दिवाळीला आठच दिवस राहिले. मी काही विनवत नाही आता. रान तुझं आहे.

नाथाजी

—

कणंगली
१६ नोव्हेंबर २०२५

हुसेन,

दस्त झाला नाही असं वहिनींनी अंजनाला सांगितलं. तारिक चिडलाय हेही सांगितलं. त्याचं बरोबर आहे, त्याला सांग नाथाकाका तसं म्हणतो. कोरड्या रानाच्या फेऱ्या मारायला कुणाला सवड असते?

पूजा शिरवळला येऊन तुझी सही घेऊन गेली तेव्हा तू तिला काय बोललास ते तिनं सांगितलं नाही. फक्त एवढं म्हणाली की काकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पहिला प्रतिवादी संस्था, दुसरा मी. नाव बरोबर घातलंय, वडिलांच्या नावासकट. तिनं टाइप केलेला कागद मला बजावायला पोस्टमन आला तेव्हा ती अंगणातच उभी होती. मी सही करून घेतला.

आता पुढचं. नऊ डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा, सातारा. लवादानं तारीख दिली आहे. शिरवळहून आठची एसटी धर, स्टँडवर उतरलास की रिक्षा कर, चालत जाऊ नको, चढ आहे आणि तुझा गुडघा मला माहीत आहे.

संस्थेचा वकील पुण्याचा आहे. त्याचा लेखी जबाब मी वाचला. त्यात म्हटलंय की लवादाला पाणीवाटपात बोलायचा अधिकारच नाही, पाणी राज्याचा विषय. आणि दोन पानांनंतर म्हटलंय की अर्जदाराच्या रानातून वाट आणि पाइप हे जॅकवेलच्या मूळ जागेतच अंतर्भूत आहेत, वेगळ्या लेखाची गरज नाही. एकाच जबाबात. वीरधवलला दाखवलं तर म्हणाला, वकिलाला कळतंय. पूजा म्हणते, आपल्याला हेच पाहिजे, त्यांनी स्वतःच लिहून दिलं की न लिहिलेलंही धरायचं असतं. मला तिच्याएवढा भरवसा नाही. इतक्या ऑफिसांतून ‘आमचं नाही’ ऐकलंय की नऊ तारखेला तेही तेच म्हणतील अशी तयारी ठेवलीय.

कमिटीनं मला अध्यक्षपदावरून काढायची नोटीस दिली आहे. आठ डिसेंबरला बैठक. मी बाळासोला गाठून ती दहावर ढकलून घेतली. नऊला मी अध्यक्षच पाहिजे. गावातला कुणी काढून टाकलेला म्हातारा सूडानं बोलतोय असं व्हायला नको.

यासोबत जे पाकीट आहे ते माझं नवं प्रतिज्ञापत्र. नोटरी केलेलं. अठ्ठ्याण्णव साली काय ठरलं, कोण कोण होतं, ज्ञानूनं काय विचारलं, मी काय म्हणालो, सहावा परिच्छेद खोटा आहे हे मला सही करताना माहीत होतं, सगळं आहे. एक प्रत पूजाकडं, एक लवादाकडं गेली. साताऱ्याचे वकील म्हणाले, यानं तुमच्यावर खटला होऊ शकतो. पेन्शनचं काय होतं ते बघू. गावाचं म्हणशील तर संस्थेची नोंदणीच अडचणीत आली तर उन्हाळ्यात सगळ्यांची पाळी अडेल, आणि मग मला गावात कोण पाणी विचारणार? अंजना म्हणाली, ‘‘तोंड कसं दावायचं वो लोकास्नी?’’ मी म्हटलं, वर्षभर हुसेनला कसं दाखवत होतो? सकाळी तिनं माझा कोट बाहेर काढून उन्हात टाकला, नऊ तारखेसाठी.

एक सांगून ठेवतो. मला खुर्ची समोरच्या बाजूला मिळेल, त्या पुण्याच्या वकिलाशेजारी. ओळख दाखवू नको, बोलू नको, चहा पुढं केला तरी घेऊ नको. नाहीतर तो म्हणेल दोघांनी मिळून रचलंय. तुला आधी नाव विचारतील, मग गाव. मग विचारतील, तुम्ही सभासद होता याला तुमच्याकडं कागद काय आहे. बावचळू नको. कागद नाही म्हण. आणि माझ्याकडं बोट करून सांग, तो बसलाय तिथं.

नाथाजी